घाव कुठे जातो?

कारखान्यातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र काहीतरी हलवतं. लेथ जॉब फिरवतो, ड्रिल खाली उतरतं, पंप पाणी ढकलतो. बाकाच्या कडेला बोल्टांनी जखडलेला व्हाइस मात्र उलट कामासाठी आहे. त्याच्या जबड्यात धरलेली वस्तू हलता कामा नये. फिटर कानस मारो, करवत चालवो, छिन्नीवर हातोडा घालो, ते सगळं सोसून व्हाइसनं जागच्या जागी राहायचं. अशा वस्तूत पाहण्यासारखं काय असणार, असं कोणालाही वाटेल. तरीही अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे दणकट व्हाइस शोधणारे, गंज उतरवून त्यांच्यावरची पुसट अक्षरं वाचणारे आणि नव्या व्हाइसच्या दामदुप्पट पैसे मोजून ते घरी नेणारे पुष्कळ लोक आहेत. आपल्याकडच्या जुन्या बाजारातही असा एखादा व्हाइस दिसला की ज्यानं कधीकाळी हातात कानस धरली आहे, तो पुढे जाता जाता थांबतो आणि हँडल फिरवून पाहतो.

या छंदात शिरणारा माणूस आधी वजनाच्या प्रेमात पडतो. सहा इंची जबड्याचा जुना अमेरिकी व्हाइस सहज पन्नास किलोच्या पुढे जातो. उचलायला दोघं लागतात, आणि दोघं लागतात हेच मिरवायचं कारण होतं. पण वजनाच्या आकड्यानं व्हाइस कळत नाही. सारख्याच वजनाचे दोन व्हाइस शेजारी ठेवले तर एक पाहत राहावासा वाटतो आणि दुसरा नुसताच बोजड दिसतो. हा फरक कशामुळे पडतो, ते समजून घ्यायला मला एक प्रश्न फार उपयोगी पडला आहे: घाव कुठे जातो? हातोड्याचा ठोका असो की स्क्रूनं आवळलेला दाब, तो जबड्यात शिरतो. तिथून पुढे तो कोणत्या वाटेनं जातो, आणि त्या वाटेवरच्या धातूला कशाची भीती आहे? जुन्या व्हाइसचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक गोलाई आणि प्रत्येक जाड-बारीकपणा याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. तीन पिढ्यांनी त्याची तीन निराळी उत्तरं दिली आहेत.

सर्वांत जुनं उत्तर लोहाराच्या पायाच्या व्हाइसमध्ये सापडतं. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये त्याला आजही लेग व्हाइस म्हणून शिकवतात. हा व्हाइस घडीव लोखंडाचा असतो. दोन लांब पाय समोरासमोर उभे, वरच्या टोकांना जबडे, खालच्या बाजूला एका खिळीवर जोडलेले. मागचा पाय बाकाला पट्ट्यानं आणि पाचरींनी बांधलेला असतो, पण तो बाकापाशी संपत नाही. तो तसाच खाली जमिनीपर्यंत उतरतो आणि एखाद्या ठोकळ्यात रुततो. दोन्ही पायांमध्ये एक चपटी स्प्रिंग असते, ती स्क्रू सैल होताच पुढचा जबडा उघडते. तापलेली सळई जबड्यात धरून लोहार वरून घण घालतो, तेव्हा घाव जबड्यातून सरळ पायात, पायातून जमिनीत जातो. बाकाच्या लाकडाला त्यातलं फारसं काही सोसावं लागत नाही. परसातलं उखळ जमिनीत पुरतात, त्यामागचं शहाणपण हेच.

घडीव लोखंडाचा स्वभाव चिवट. अती झालं तर ते वाकतं, पण तुटत नाही. त्यामुळे लेग व्हाइसला अंगानं सडपातळ राहणं परवडतं. इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटचे व्हाइस पाहावेत. ऐरणींसाठी हे नाव जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्यांचे व्हाइसही तेवढेच नामांकित. पायाच्या कडा छिन्नीनं उतरवलेल्या, मधला भाग अष्टकोनी, जबड्याखाली खांदे किंचित रुंदावलेले. यातली सजावट थोडीच आहे. घणाखाली तापलेलं लोखंड चौकोनातून अष्टकोनात, अष्टकोनातून गोलात नेता येतं, आणि घडवणारा ज्या टप्प्यावर थांबला तो टप्पा तसाच आपल्यापुढे राहतो. लेग व्हाइस पाहताना हाताचा क्रम वाचता येतो: आधी काय ओढलं, कुठे फुगवलं, जबड्याच्या तोंडाला पोलाद कुठे जोडलं.

याच व्हाइसमध्ये एक गोष्ट लपलेली असते, तिच्यासाठी जाणकार नग उलटा करून पाहतात. स्क्रू ज्या नळीत फिरतो तिला बॉक्स म्हणतात. जुन्या काळी या नळीच्या आत आटे पाडणं फार कठीण होतं. म्हणून चौकोनी पट्टी स्क्रूभोवती गुंडाळायची, ते वेटोळं नळीत सरकवायचं आणि पितळेनं आतून झाळून टाकायचं. असे आटे वर्षानुवर्षं टिकत, पण कधीतरी झाळ सुटली की वेटोळंच बाहेर येई. पीटर राइटच्या व्हाइसवर ‘पेटंट सॉलिड बॉक्स’ असा ठसा दिसतो, तो याच कारणानं. त्यांच्या बॉक्समधले आटे अखंड धातूतच असत. ठशात कंपनीचा अभिमान आहे, पण त्याहून जास्त एका जुन्या दुखण्यावरचा इलाज आहे.

लेग व्हाइसची मर्यादाही त्याच्या घडणीतच आहे. पुढचा पाय खालच्या खिळीवर झुलतो, त्यामुळे जबडा सरळ रेषेत न उघडता कमानीत उघडतो. एकाच ठरावीक अंतरावर दोन्ही जबडे एकमेकांना समांतर असतात. जाड जॉब धरला की तो फक्त जबड्यांच्या खालच्या कडांवर टेकतो. लोहाराला याचा त्रास नाही. तापलेलं लोखंड धरायचं, ठोकायचं, काढायचं. पण एकोणिसाव्या शतकात यंत्रांचे भाग कानशीनं इंचाचा हजारावा भाग उतरवून बसवायचं काम वाढलं, तेव्हा फिटरला जबडे कुठेही थांबले तरी समांतर हवे झाले. घाव जमिनीत सोडणारा लांब पाय गेला, आणि सगळा जोर एका ओतीव धडात सामावून घेणारा व्हाइस आला. खरं रसग्रहण इथूनच सुरू होतं, कारण नवा व्हाइस ज्या धातूचा होता, त्या धातूला भीती मोठी होती.

हा धातू म्हणजे बीड. दाब सोसण्यात बीड फार मजबूत, पण ताण सोसण्यात दुबळं. दाबाखाली ते ताणापेक्षा तीन-चार पटींनी अधिक टिकतं. त्यात कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ओढ लागली की याच पापुद्र्यांच्या टोकांपासून भेग सुरू होते, आणि बीड वाकून इशारा न देता एकदम तुटतं. याच पापुद्र्यांचा एक गुणही आहे. ते कंप गिळतात. बिडाच्या व्हाइसमध्ये कानस मारताना जो मऊ, बंद आवाज येतो तो त्यांच्यामुळे. हलक्या पोलादी व्हाइसमध्ये तीच कानस किरकिरते. दोष आणि गुण एकाच गोष्टीतून निघालेले आहेत, आणि जुन्या कारागिरांनी गुण ठेवून दोषाभोवती आकार रचला.

तो आकार कसा रचला, ते पाहायचं असेल तर नजर जबड्याच्या घशावर ठेवावी. घसा म्हणजे जबडा जिथे खालच्या धडाला मिळतो ती आतली बाजू. स्क्रू आवळला की जॉब दोन्ही जबड्यांना मागे ढकलतो. जबडा मागे झुकू पाहतो, आणि त्याच्या आतल्या बाजूच्या मुळाशी ताण येतो. म्हणजे बिडाला ज्याची भीती, तेच नेमकं तिथे घडतं. म्हणून चांगल्या व्हाइसमध्ये घशाला तीक्ष्ण कोपरा कधीच नसतो. तिथे मोठी, भरदार गोलाई असते, आणि तिच्यामागे जबड्याची पाठ खाली येता येता रुंद होत जाते. मी दोन व्हाइस शेजारी ठेवायचं म्हटलं होतं, त्यातला फरक इथे दिसतो. बोजड व्हाइसमध्ये बीड सगळीकडे सारखं ओतलेलं असतं. देखण्या व्हाइसमध्ये ते जिथे ताण तिथे जमा झालेलं असतं, आणि जिथे काम नाही तिथून निघून गेलेलं असतं.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मेरिडनची चार्ल्स पार्कर कंपनी याबाबतीत वाखाणण्यासारखी. चार्ल्स पार्करनं १८३०च्या दशकात कॉफी दळायच्या चक्क्यांपासून सुरुवात केली, पुढे त्याच्या कंपनीच्या दुनळी बंदुकांना मोठं नाव मिळालं, आणि १८६७मध्ये तो मेरिडनचा पहिला महापौर झाला. त्याच्या कारखान्यातल्या व्हाइसमध्ये मागचा जबडा खांद्यापासून धडापर्यंत उतरतो तो एकाच अखंड वळणात. पेन्सिल्वेनियातल्या ईरी गावची १८९६ची रीड कंपनी जास्त कडक, चौकोनी बांधणीची. तिच्या व्हाइसमध्ये वळणं कमी आणि भरीवपणा जास्त. मॅसॅच्युसेट्समधल्या अथॉल गावात अथॉल मशीन कंपनीचे व्हाइस होत. १९०५मध्ये ती कंपनी मोजमापाच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टॅरेटनं विकत घेतली, त्यामुळे सूक्ष्म मापं घेणारं नाव आणि घण सोसणारी वस्तू एकाच छताखाली आली. संग्राहकांच्या गप्पांत पार्कर मोठा की रीड, हा वाद संपत नाही. माझं मत विचाराल तर घशाच्या वळणात पार्कर सरस, आणि सरकत्या भागाच्या बसणीत रीड.

बिडाचा व्हाइस ओतलेला आहे, हे विसरलं तर त्याचं निम्मं सौंदर्य हातचं जातं. ओतण्यापूर्वी तो लाकडात घडलेला असतो. पॅटर्नमेकर लाकडाचा पॅटर्न कोरतो, तो वाळूत दाबला की साचा तयार होतो. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. वाळूतून तो अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. आतल्या कोपऱ्यांना गोलाई यावी म्हणून तिथे चामड्याची पट्टी चिकटवायची. घशातल्या ज्या गोलाईचं वर कौतुक केलं, तिचं मूळ एखाद्या पॅटर्नमेकरनं बोटानं दाबून बसवलेल्या चामड्याच्या पट्टीत असण्याची शक्यता खूप आहे. दोन साचे जिथे मिळाले तिथली बारीक रेष छिन्नीनं आणि कानशीनं उतरवलेली असते. बोट फिरवलं तर बहुतेक व्हाइसवर ती अजून लागते. बाजूवरची उठावाची अक्षरंसुद्धा आधी पॅटर्नवर बसवलेली असतात. त्या अक्षरांच्या मधल्या जागा, ओळीचं किंचित वर चढणं, एखादं पेटंटचं वर्ष घाईनं कोपऱ्यात कोंबलेलं असणं, हे सगळं लाकडावर काम करणाऱ्या माणसाच्या हातचं आहे.

या पॅटर्नमेकरांनाही स्वतःचा व्हाइस लागे, आणि तोही वेगळाच. पेन्सिल्वेनियातल्या वेन्सबरोच्या जोसेफ एमर्टनं १८९१मध्ये अशा व्हाइसचं पेटंट घेतलं. तो सपाट फिरतो, उभा वळतो, तिरका होतो, आणि निमुळता जॉब असेल तर त्याचा एक जबडाही कलतो. लोखंडाला ठोकणाऱ्यांना असा नखरेल व्हाइस नको असतो. लाकडावर पटाशी चालवणाऱ्याला घावाची चिंता कमी आणि कोनाची जास्त. घावाचा प्रश्न सैल झाला की आकार किती मोकळा होतो, ते एमर्टच्या व्हाइसवरून कळतं.

जबड्यांच्या तोंडाशी पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर चौकटीच्या खाचा पाडलेल्या असतात. धातू पकडण्याचं खरं काम याच खाचा करतात, आणि त्या घासून गुळगुळीत झाल्या की व्हाइस निकामी. या पट्ट्यांवरून यंत्रयुगातली एक सुंदर घटना आठवते. १८व्या शतकाच्या अखेरीस अठरा वर्षांचा हेन्री मॉडस्ले लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यात काम मागायला गेला. त्यानं सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती, म्हणून मुकादम त्याला घेईना. समोर एक झिजलेला जुना बेंच व्हाइस पडला होता. मॉडस्लेनं संध्याकाळी सहाच्या आत तो दुरुस्त करून दाखवायचं कबूल केलं. जबड्यांना नवं पोलाद लावलं, खाचा पाडल्या, पाणी देऊन ते कठीण केलं, आणि नोकरी मिळवली. पुढे हाच मॉडस्ले आटे कापणारा अचूक लेथ घडवणारा म्हणून इतिहासात गेला. व्हाइसचा जबडा नीट करणारा हात आणि व्हाइसचा स्क्रू नीट करणारा हात एकच निघाला.

त्या स्क्रूकडे आता वळतो. व्हाइसच्या स्क्रूचे आटे चौकोनी असतात, किंवा त्यांच्या बाजू अगदी थोड्या उतरत्या असतात. साध्या बोल्टसारखे टोकदार आटे इथे चालत नाहीत, कारण टोकदार आट्याची तिरकी बाजू नटला आतून फाकवत असते. चौकोनी आट्याची बाजू स्क्रूच्या अक्षाला काटकोनात, म्हणून सगळा जोर सरळ पुढे जातो. हिशेब करून पाहावा. हँडलची भुजा ३०० मिलिमीटर आणि आट्यांचं अंतर ६ मिलिमीटर धरलं, तर हात जवळपास १,८८५ मिलिमीटरचा फेरा घेतो तेव्हा जबडा फक्त ६ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे जोर सुमारे ३१४ पट. हातानं २० किलोचा जोर लावला तर कागदावर सहा हजार किलोच्या पुढे दाब व्हायला हवा. प्रत्यक्षात घर्षण त्यातला तीन-चतुर्थांशाहून अधिक हिस्सा खातं, आणि जॉबवर हजार-दीड हजार किलो उरतो.

तीन-चतुर्थांश जोर वाया जाणं हा अपव्यय आहे, असं वाटलं तर व्हाइस कळला नाही. तेच घर्षण हात सोडल्यावर स्क्रूला मागे फिरू देत नाही. लावलेल्या जोरातला अर्ध्याहून कमी कामी येत असेल, तरच स्क्रू आपला आपण अडून राहतो. घर्षण कमी केलं तर आवळायला सोपं जाईल, पण हँडल सोडताच जबडा सुटेल. फिटर दोन्ही हातांनी कानस धरून उभा असतो, तेव्हा व्हाइसला तिसरा हात म्हणून धरून ठेवतं ते हेच घर्षण. हँडलची लांबीही अशीच तोलून ठरवलेली असते. हातानं जेवढा जोर लागेल तेवढ्यावर बीड सुरक्षित राहावं, एवढीच ती लांब. तिच्यात पाइप घालून आवळणारे सगळ्या देशांत भेटतात, आणि भेगा पडलेले घसेही.

इंग्लंडनं याच स्क्रूवर दुसरा विचार केला. यॉर्कशरमधल्या शिपलीच्या पार्किन्सन कंपनीचा ‘परफेक्ट व्हाइस’ पाहा. पुढे एक छोटा खटका असतो. तो दाबला की आतला अर्धा नट आट्यांपासून सुटतो आणि जबडा हातानं सरकत पुढे-मागे जातो. खटका सोडला की नट पुन्हा आट्यांत बसतो आणि अर्ध्या फेऱ्यात जॉब पक्का होतो. दिवसभर वेगवेगळ्या जाडीचे जॉब धरणाऱ्या माणसाचा जीव त्या खटक्यानं वाचला. पण त्यासाठी आटे बदलावे लागले. एका बाजूनं काटकोनात आणि दुसऱ्या बाजूनं उतरते, म्हणजे जोराच्या दिशेनं अडतील आणि सुटताना सहज सुटतील. पुढे शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीनं असे खटक्याचे व्हाइस फिटर आणि सुतार दोघांच्या बाकांवर पोचवले. सुतारांचा निळा ‘५२ नंबर’ ही त्यातली सर्वांत ओळखीची वस्तू.

इंग्रजी हत्यारं आपल्याकडे रेल्वे वर्कशॉप, गिरण्या आणि बंदरांच्या वाटेनं आली. परळ, माटुंग्याची रेल्वे वर्कशॉपं आणि गिरणगावातली मेंटेनन्स खाती असे व्हाइस बसवलेल्या बाकांवरच चालत. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, यंत्रं भंगारात निघाली, आणि यंत्रांसोबत बाकही निघाले. अलंगला तोडलेल्या जहाजांच्या इंजिनखोल्यांतूनही व्हाइस येतात. मुंबईच्या दारूखान्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा व्हाइस साखळ्या आणि व्हॉल्व्हच्या ढिगात उलटा पडलेला दिसतो, तेव्हा तो किलोच्या भावानंच विकायला ठेवलेला असतो. बिडाचा भाव ठरलेला आहे. घशाच्या वळणाचा भाव विकणाऱ्याच्या हिशेबात नसतो, हे घेणाऱ्याचं नशीब.

तिसरं उत्तर शिकागोचं. १९४१मध्ये झेक वंशाच्या ह्यू व्होगलनं तिथे विल्टन कंपनी सुरू केली आणि व्हाइसचं रूपच पालटलं. जुन्या व्हाइसमध्ये सरकता भाग चौकोनी दांडा असे, त्याच्या पोटात स्क्रू, आणि खालची बाजू बहुतेक उघडीच. विल्टननं दांड्याची गोल नळी केली. स्क्रू तिच्या आत पूर्ण बंद, आणि नळी ज्यात सरकते त्या धडाचं मागचं टोक निमुळतं, गोळीच्या आकाराचं, म्हणून त्याला ‘बुलेट’ नाव पडलं. गोल नळी आपल्याच अक्षाभोवती फिरू नये म्हणून तिच्या खालच्या बाजूला लांब खाच आणि तिच्यात एक पोलादी चावी. बिडाच्या जुन्या व्हाइसवर नजर फिरवताना जोराच्या वाटा वेगवेगळ्या जागी फुगवट्यांतून दिसतात. विल्टनमध्ये त्या एका नळीत सामावल्या आहेत, आणि बाहेरून फारच थोडं दिसतं.

आकाराला असा मोकळेपणा पुढे धातूनंही दिला. १९४३मध्ये इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिसनं वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळलं, तेव्हा ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गाठींच्या रूपात बसलं. १९४८मध्ये हे जाहीर झालं. गाठीच्या गोल कडेवरून भेग सहज सुरू होत नाही, त्यामुळे हे बीड ताणलं तर आधी वाकतं. विल्टन आपल्या बुलेट व्हाइसच्या बिडाची ताणशक्ती दर चौरस इंचाला ६० हजार पौंड सांगते. जुन्या साध्या बिडाची साधारण २० ते ३० हजार. धातूची जुनी भीती गेली, आणि व्हाइसला चिंता उरली ती धुळीची. तिचा इलाज स्क्रू नळीत बंद करून आधीच झाला होता. लोखंडाची चुरी आणि कानशीची पूड आट्यांपर्यंत पोचतच नाही, आणि सत्तर वर्षांचा विल्टन अजून एका बोटानं फिरतो. शिवाय त्याच्या खाचेत जन्माची खूण असते. नळी उपसून उलटी केली की चावीपाशी ठोकलेली तारीख दिसते. पुष्कळ नगांवर ती पाच वर्षांची हमी संपण्याची तारीख असते, म्हणून जाणकार आधी पाच वर्षं वजा करतात आणि मग व्हाइसचं वय सांगतात.

जुना व्हाइस विकत घेताना ज्या खुणा दोष म्हणून पाहिल्या जातात, त्याच रसिकासाठी सर्वांत बोलक्या असतात. जबड्याच्या वरच्या कडेवर करवतीच्या खाचा दिसल्या तर समजावं, उमेदवार मुलं इथे शिकली. मागच्या सपाट ऐरणभागावर कडा दबून पसरल्या असतील तर तिथे ठोकून वाकवायचं काम खूप झालं. स्क्रूचे आटे बंद जबड्याजवळच्या पहिल्या दोन इंचांत जास्त झिजलेले असतात, कारण बहुतेक कामं बारीक जॉबचीच असतात. सरकता जबडा वर उचलून पाहिला आणि तो एका बाजूला जास्त हलला, तर समजावं, कुणीतरी वर्षानुवर्षं लांब जॉब जबड्याच्या एकाच टोकात उभे धरत होतं. मागचा जबडा बाकाच्या कडेच्या थोडा पुढे ठेवायची पद्धत असते, ती अशा उभ्या जॉबसाठीच. जड ठोकाठोक सरकत्या जबड्यावर न करता मागच्या जबड्याच्या दिशेनं करावी, हा नियम फिटरला पहिल्याच आठवड्यात सांगतात. तो किती पाळला गेला, ते सरकत्या जबड्याची ढिलाई सांगते. आणि घशात पितळेची पिवळी रेष चमकली, तर कधीतरी तो फुटला होता आणि कुणीतरी तो फेकून न देता झाळून उभा केला.

म्हणूनच या छंदातली एक सवय मला खटकते. गंज उतरवायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावणं, तारेचा ब्रश, रॉकेल, जवसाचं तेल, हे सगळं योग्य. पण कित्येक जण पुढे जाऊन खाचा पुट्टीनं बुजवतात, ऐरणभाग ग्राइंडरनं सपाट करतात आणि वर दोन हात चकचकीत रंग चढवतात. अक्षरांना सोनेरी रंग भरला की व्हाइस शोभेची वस्तू होतो आणि त्याच्यावर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. गंज काढणं म्हणजे पानावरची धूळ झटकणं. झीज काढणं म्हणजे ओळी खोडणं. गुळगुळीत झालेल्या जबड्यांच्या पट्ट्या बदलाव्यात, मॉडस्लेनं तेच केलं होतं, कारण त्याशिवाय व्हाइस धरणार नाही. पण ज्या खुणांमुळे पकडीत फरक पडत नाही, त्यांना हात लावायचा अधिकार आपल्याला नाही.

तिन्ही पिढ्यांत कोणाला वर ठेवायचं, हा प्रश्न संग्राहकांना हमखास पडतो. कामाच्या दृष्टीनं विल्टन सर्वांत निर्दोष आहे, यात वाद नाही. लेग व्हाइस सर्वांत प्रामाणिक: घाव त्याच्यात शिरतो आणि डोळ्यांदेखत जमिनीत जातो. तरी माझी पसंती मधल्या पिढीला, साध्या बिडाच्या पार्करला. चिवट धातूच्या हाती घाव दिला तर आकाराला फार विचार करावा लागत नाही. ज्या धातूला ताणाची भीती होती, त्याच्याच व्हाइसमध्ये प्रत्येक इंच विचार करून ठेवावा लागला, आणि तो विचार हात फिरवला की अजून लागतो. ही कमजोरी आकारानं झाकली नाही. तिला बरोबर घेऊन घावाला वाट करून दिली, आणि त्यातूनच पार्करला त्याचं रूप मिळालं.

या मताशी भांडायला यावं, माझी तयारी आहे. अट एकच. व्हाइस कपाटावर ठेवलेला नसावा. तो जाड बाकाला बोल्टांनी जखडावा, जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर यावा, आणि मऊ लोखंडाचा एक तुकडा त्यात धरून दोघांनी आळीपाळीनं कानस मारून पाहावी. कुठला व्हाइस श्रेष्ठ, ते तेवढ्यानंही ठरणार नाही, पण आपण कशाबद्दल भांडतो आहोत ते दोघांच्याही मनगटाला कळेल.